१-० चा बेसबॉल सामना कसा पाहावा: क्रिकेटवर वाढलेल्यांसाठी

बेसबॉलचा पहिला सामना पाहून आलो त्या रात्री बाबांना पुण्याला फोन केला. स्कोअर काय झाला, त्यांनी विचारलं. १-०, मी म्हणालो. "म्हणजे फुटबॉलच की!" आणि मग जरा काळजीने, "तिकीट केवढ्याचं होतं?" तो विषय मी टाळला. पार्किंगमधली गर्दी चुकवायला मी शेवटच्या दोन इनिंग्ज सोडून उठलो होतो, हेही सांगितलं नाही. ती एकुलती एक धाव मी गाडीत रेडिओवर ऐकली.

मिनिआपोलिसमध्ये राहायला येऊन आता बरीच वर्षं झाली. शेजारी एक निवृत्त गृहस्थ आहेत. उन्हाळ्यात संध्याकाळी ते व्हरांड्यात रेडिओ लावून, मांडीवर वही ठेवून पेन्सिलने सामना लिहून काढतात. त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली आणि ती पुरली. धावा मोजू नकोस. प्रत्येक चेंडूआधी स्वतःला विचार, आत्ता धाव कुठून येऊ शकते आणि ती अडवायला कोण कुठे उभं आहे? हा प्रश्न विचारायची सवय लागली की ७-६ चा सामना पसरट वाटायला लागतो आणि १-० चा सामना संपूच नये असं वाटतं.

अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी, मुलांकडे सहा महिने राहायला आलेल्या आई-बाबांसाठी आणि पहाटे टीव्हीवर चुकून बेसबॉल लागला म्हणून बघत बसलेल्यांसाठी ही सवय कशी लावायची ते लिहितोय. शाळेत सॉफ्टबॉल खेळला असाल (आपल्याकडे शालेय सॉफ्टबॉल बऱ्यापैकी रुजलेला आहे) तर दुसरी पायरी गाळलीत तरी चालेल.

पायरी १: एक सामना धरा, आणि निकाल आधीच माहीत करून घ्या

शिकायला मी नेहमी एकच सामना सुचवतो: २७ ऑक्टोबर १९९१, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सातवा आणि निर्णायक सामना. मिनेसोटा ट्विन्स विरुद्ध अटलांटा ब्रेव्ह्ज, मिनिआपोलिसचं मेट्रोडोम. ट्विन्स १-० ने जिंकले, दहाव्या इनिंगमध्ये. पूर्ण लांबीचं चित्रीकरण नेटवर सापडतं.

निकाल सांगून मजा घालवली असं वाटेल. पण कीर्तनाला बसतो तेव्हा आख्यान ठाऊकच असतं, तरी आपण बसतो, कारण बुवा ते कसं रंगवतात हे ऐकायचं असतं. पहिल्यांदा कमी धावांचा सामना बघताना "आता काय होणार" या धाकधुकीत डोळा फक्त चेंडूच्या मागे धावतो. शेवट माहीत असला की तो बाकीच्या मैदानावर फिरायला मोकळा होतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. आदल्या वर्षी, १९९० मध्ये, हे दोन्ही संघ आपापल्या गटात तळाला होते. वर्षभरात दोघंही अंतिम मालिकेत आले. मालिका ३-३ अशी बरोबरीत. आदल्या रात्री सहावा सामना ट्विन्सच्या कर्बी पकेटने अकराव्या इनिंगमध्ये होम रन (आपला षटकारच म्हणा) मारून जिंकून दिला होता. सातव्या सामन्यात ट्विन्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता जॅक मॉरिस, वय ३६, जन्म शेजारच्याच सेंट पॉलचा. ब्रेव्ह्जचा जॉन स्मोल्ट्झ, वय २४. स्मोल्ट्झ मिशिगनमध्ये वाढला, डेट्रॉइट टायगर्सचा चाहता; आणि त्याच्या लहानपणी टायगर्सचा मुख्य पिचर होता हाच जॅक मॉरिस.

पायरी २: नियम, लागतील तेवढेच

नऊ इनिंग्ज (बरोबरी सुटली नाही तर पुढेही). प्रत्येकीचे दोन भाग: आधी पाहुणा संघ बॅटिंग करतो, मग यजमान. तीन आऊट झाले की भाग संपला. म्हणजे नऊ इनिंग्जमध्ये एका संघाच्या वाट्याला २७ आऊट. क्रिकेटमध्ये आपण उरलेली षटकं मोजतो, इथे उरलेले आऊट मोजायचे. हा मोजून मिळालेला शिधा आहे.

बॅटर होम प्लेटपाशी उभा. त्याच्या उजव्या अंगाला ९० फुटांवर पहिला बेस, मग दुसरा, तिसरा आणि परत होम. चारही बाजू फिरून घरी आला की एक धाव. समोर ६० फूट ६ इंचांवर मातीच्या उंचवट्यावर पिचर. आपली खेळपट्टी ६६ फुटांची, तर हे अंतर त्याहून थोडं कमी, आणि चेंडू टप्पा न पडता थेट येतो.

होम प्लेटच्या वर, बॅटरच्या साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंत, एक काल्पनिक पट्टा धरा. त्या पट्ट्यातून गेलेला, किंवा बॅट फिरवूनही हुकलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक. फाउल, म्हणजे मैदानाच्या रेषांबाहेर, मारला तरी स्ट्राइक, फक्त तिसरा स्ट्राइक फाउलवर सहसा धरत नाहीत. तीन स्ट्राइक, बॅटर आऊट. पट्ट्याबाहेरून गेलेला आणि बॅटरने सोडलेला चेंडू म्हणजे 'बॉल'. चार बॉल झाले की बॅटर आरामात चालत पहिल्या बेसवर जातो, त्याला वॉक म्हणतात. (या लेखात चेंडूला चेंडूच म्हणतोय. 'बॉल' हा शब्द त्या मोजणीपुरता राखून ठेवलाय, नाहीतर घोळ होईल.)

हवेत उडालेला चेंडू झेलला की बॅटर आऊट, हे आपलंच. पण एक मेख आहे: झेल घेतला गेल्यानंतर बेसवरचा धावपटू पुढच्या बेसकडे पळू शकतो. लांब उडालेल्या झेलावर तिसऱ्या बेसवरचा माणूस घरी येऊन धाव करून जातो. हे लक्षात ठेवा, शेवटची धाव यावरच उभी आहे.

दुसरी मेख सक्तीची. चेंडू जमिनीवरून गेला की बॅटरला पहिल्या बेसकडे पळावंच लागतं. तिथे आधीच कोणी उभा असेल तर त्याला जागा सोडून दुसऱ्याकडे जावं लागतं. एसटीत कंडक्टर "पुढे सरका, पुढे सरका" म्हणत ढकलतो, अगदी तसं. असा ढकलला गेलेला माणूस पोचायच्या आत क्षेत्ररक्षकाने चेंडू हातात धरून पुढच्या बेसवर पाय ठेवला की तो आऊट. अंगाला चेंडू लावायची गरज नाही. मागून ढकलणारं कोणी नसेल तर धावपटू आपल्या बेसवर निवांत उभा राहू शकतो.

एवढ्यावर भागेल.

पायरी ३: कॅचरचा ग्लव्ह बघा

टीव्हीवर कॅमेरा पिचरच्या पाठीमागे असतो, त्याचा फायदा घ्या. पिचर हात फिरवायच्या आधी कॅचर (बॅटरच्या मागे बसणारा, आपला यष्टिरक्षक) ग्लव्ह कुठे धरतो ते बघा, आणि चेंडू आल्यावर तो ग्लव्ह किती हलला ते बघा. हललाच नाही, तर पिचर आज रंगात आहे. मॉरिसचा हुकमी चेंडू सरळ वेगवान चेंडूसारखा निघतो आणि प्लेटजवळ येऊन खाली बुडतो. बॅटर मारायला जातो तेव्हा चेंडू पट्ट्यात असतो आणि बॅट पोचेपर्यंत नसतो. स्मोल्ट्झचा भर वेगावर आणि बाहेर सटकणाऱ्या चेंडूवर.

इथे क्रिकेटवाल्याची एक गफलत होते. शून्य-शून्य बघून त्याला कसोटीतला कंटाळवाणा तिसरा दिवस आठवतो. १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध आपल्या बापू नाडकर्णींनी लागोपाठ २१ षटकं निर्धाव टाकली. त्या डावात ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा आणि बळी शून्य. मोठाच पराक्रम, पण त्यात समोरच्यालाही तटवत उभं राहायची मुभा होती. बेसबॉलमध्ये तटवणं नाही. काहीच न करणारा बॅटर तीन स्ट्राइकमध्ये घरी जातो. इथला निर्धाव काळ म्हणजे दोघांपैकी एकजण दर दोन-तीन मिनिटांनी हरत असतो.

म्हणून मोजणीकडे लक्ष द्या. पडद्यावर दोन आकडे असतात, आधी बॉल मग स्ट्राइक. ०-२ असेल तर पिचर वरचढ. तो आता पट्ट्याबाहेरचा फसवा चेंडू टाकून बघणार. ३-१ असेल तर बॅटर वरचढ. पिचरला पट्ट्यात टाकावाच लागणार आणि बॅटरला ते ठाऊक आहे. ३-२ झालं की प्रेक्षक उठून उभे राहतात. का, ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल.

जाता जाता एक गंमत. १९६८ साली पिचर इतके वरचढ झाले (क्षेत्ररक्षकांच्या चुकांनी आलेल्या धावा सोडल्या तर सेंट लुईसच्या बॉब गिब्सनने दर नऊ इनिंग्जमागे सरासरी फक्त १.१२ धावा दिल्या) की पुढच्या वर्षी नियमच बदलावा लागला. पिचरच्या पायाखालचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला. गोलंदाज फार चांगले निघाले म्हणून जमीन खणून काढणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

पायरी ४: तिसरा बेस आणि आऊट, यांची जोडी लावा

आता शेजारच्या आजोबांचा प्रश्न. धाव कुठून येऊ शकते?

पहिल्या बेसवर माणूस असेल तर अजून घाई नाही. दुसऱ्यावर असेल तर एका चांगल्या हिटवर (बॅटरला सुखरूप बेसवर पोचवणारा फटका म्हणजे हिट) तो घरी येतो. तिसऱ्यावर असेल आणि दोनपेक्षा कमी आऊट असतील, तर हिटचीसुद्धा गरज नाही: लांबचा झेल, हळू सरपटणारा चेंडू, कॅचरच्या हातून निसटलेला चेंडू, काहीही चालतं. तिसऱ्यावर माणूस आणि आऊट शून्य किंवा एक, ही या खेळातली सगळ्यात मोठी धोक्याची घंटा. दोन आऊट झाले की तोच माणूस अर्धा निरुपयोगी होतो.

पाचवी इनिंग लावा. ब्रेव्ह्जची बॅटिंग. मार्क लेम्कीची हिट. पुढच्याने बंट केला, म्हणजे बॅट न फिरवता नुसती आडवी धरून चेंडू पायाशी पाडला. स्वतः आऊट झाला, पण लेम्कीला दुसऱ्यावर नेलं. मग लॉनी स्मिथनेही बंट केला आणि पळून पहिला बेस गाठला. पहिल्यावर माणूस, तिसऱ्यावर माणूस, एक आऊट. घंटा वाजली.

समोर टेरी पेंडलटन. त्याचा चेंडू उंच उडाला पण लांब गेला नाही, मैदानाच्या आतल्या भागातच झेलला गेला. तिसऱ्यावरच्याला हलता आलं नाही. दोन आऊट. मग रॉन गँट तिसरा स्ट्राइक नुसता बघत राहिला. मॉरिसने मूठ आवळून हात झटकला.

धावफलकावर यातलं काय उमटलं? नुसतं शून्य. मी पार्किंगकडे निघालो होतो ते असल्याच शून्यांना कंटाळून.

पायरी ५: पेन्सिल घ्या

सामना लिहून काढणं हा म्हाताऱ्यांचा छंद वाटतो, मलाही वाटायचा. पण कमी धावांच्या सामन्यात लक्ष टिकवायला याच्यासारखा उपाय नाही. दुरेघी वहीसुद्धा चालेल.

क्षेत्ररक्षकांना क्रमांक आहेत आणि त्यांचा पाठीवरच्या आकड्यांशी संबंध नाही. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधला शॉर्टस्टॉप ६. बाहेरचे तिघं डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉप ६ आणि तिसरा बेस ५, हा उलटा क्रम सुरुवातीला खटकतो. दोन सामन्यांत अंगवळणी पडतो.

चेंडू ज्याच्या ज्याच्या हातून गेला त्यांचे आकडे ओळीने लिहायचे. शॉर्टस्टॉपने उचलून पहिल्या बेसला फेकला: ६-३. बाहेर मधल्याने झेलला: ८. तीन स्ट्राइकवर आऊट: इंग्रजी के. आणि तिसरा स्ट्राइक बॅट न हलवता नुसता बघितला, तर तोच के उलटा, आरशात दिसतो तसा. पाचव्या इनिंगमधल्या गँटच्या चौकोनात उलटा के आहे. एका उलट्या अक्षरात त्याची फजिती कायमची नोंदली गेली.

बाबा मागच्या उन्हाळ्यात इथे आले होते तेव्हा त्यांना ही वही दिली. बँकेत पस्तीस वर्षं खतावण्या लिहिलेला माणूस. तिसऱ्या इनिंगपर्यंत ते मला विचारत होते, पाचव्या इनिंगपासून मी त्यांना. आठव्या इनिंगला मी गाडीचा विषय काढला तर वर न बघता म्हणाले, "गप बस, तिसऱ्यावर माणूस आहे."

पायरी ६: चेंडू नसलेल्या ठिकाणी बघा, म्हणजेच आठवी इनिंग

आता मुख्य आख्यान. आठवी इनिंग लावा आणि पहिल्यांदा न थांबता बघा. मग मागे जाऊन तुकड्या-तुकड्याने.

लॉनी स्मिथने हिट मारून पहिला बेस घेतला. शून्य आऊट. पेंडलटन बॅटिंगला. मॉरिसने चेंडू टाकताच स्मिथ दुसऱ्या बेसकडे पळत सुटला. पेंडलटनने चेंडू डाव्या आणि मधल्या क्षेत्ररक्षकाच्या मधोमध, पार मागे पोचवला. आधीच पळत सुटलेला धावपटू अशा फटक्यावर डोळे मिटून घरी येतो. १-० ब्रेव्ह्ज, आणि त्या रात्रीचा रंग बघता बहुधा अजिंक्यपद.

पण तुम्ही चेंडूकडे बघू नका. दुसऱ्या बेसपाशी बघा. तिथे ट्विन्सचा चक नॉब्लॉक, पहिल्याच मोसमातला २३ वर्षांचा पोरगा, खाली वाकून नसलेला चेंडू उचलतो आणि शॉर्टस्टॉप ग्रेग गॅग्नीकडे फेकल्याचा अभिनय करतो. गॅग्नीही बेसवर जाऊन तो नसलेला चेंडू घ्यायला सरसावतो. खो-खोत आपण हूल देतो ना, तीच ही हूल. स्मिथने पळताना मागे वळून बघितलं नव्हतं, चेंडू कुठे गेला हे त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्या बेसपाशी तो अडखळला, थबकला, इकडेतिकडे बघितलं. कळलं तोवर उशीर झाला होता. तो तिसऱ्यावर पोचून थांबला, पेंडलटन दुसऱ्यावर.

स्मिथचं म्हणणं असं की हुलीला मी फसलो नाही, चेंडू झेलला जातोय का याची खात्री नव्हती म्हणून थांबलो. मी तो तुकडा दहा-बारा वेळा तरी पाहिलाय आणि माझं मत दर वेळी बदलतं. अमेरिकेत मात्र बहुतेकांनी निकाल त्याच्याविरुद्धच लावून टाकलाय.

तरी अजून ब्रेव्ह्जचं काहीच बिघडलेलं नाही. तिसऱ्यावर माणूस, दुसऱ्यावर माणूस, शून्य आऊट. घंटा कर्कश वाजतेय. आजोबांचा दुसरा अर्धा प्रश्न इथे विचारा: अडवायला कोण उभं आहे?

गँट बॅटिंगला. पहिल्या बेसच्या बाजूला हळू सरपटता चेंडू. केंट हर्बेकने उचलला, तिसऱ्यावरच्या स्मिथला नजरेने जागीच धरलं आणि स्वतः पहिल्या बेसवर पाय ठेवला. पहिला बेस रिकामा होता, मागून ढकलणारं कोणी नव्हतं, म्हणून दोघंही धावपटू आपापल्या जागी उभे राहिले. एक आऊट.

आता ट्विन्सचे मॅनेजर टॉम केली मैदानात आले. बोलणं झालं, आणि पुढच्या डेव्हिड जस्टिसला मुद्दाम चार बॉल टाकून पहिला बेस फुकट देऊन टाकला. नवख्याला इथे हमखास वाटतं की यांचं डोकं फिरलं. आधीच दोन माणसं बेसवर, त्यात तिसरा स्वतःच्या हाताने बसवला?

एसटी आठवा. पहिला बेस रिकामा असताना कोणालाच सक्ती नव्हती. तिन्ही बेस भरल्याबरोबर सगळ्यांवर सक्ती आली. आता जमिनीवरून गेलेल्या कुठल्याही चेंडूवर तिसऱ्यावरच्या स्मिथला घराकडे पळावंच लागणार, आणि त्याला आऊट करायला होम प्लेटवर नुसता पाय ठेवला की पुरे. एक माणूस फुकट देऊन त्यांनी चारही ठिकाणी आऊटची सोय करून घेतली. शिवाय जस्टिस डावखुरा आणि जोरकस. त्याच्यापेक्षा पुढचा सिड ब्रीम परवडला. तोही डावखुराच, पण पळायला जड.

ब्रीमने चेंडू जमिनीवरून मारला, सरळ हर्बेककडे. हर्बेकने होमला फेकला. कॅचर ब्रायन हार्परने प्लेटवर पाय ठेवून घेतला: स्मिथ आऊट. हार्परने त्याच दमात परत पहिल्या बेसला फेकला, हर्बेक तिथे पोचलेलाच होता: ब्रीम आऊट. इनिंग खलास. हार्पर उड्या मारत बाहेर आला, आणि मेट्रोडोममधले ५५,११८ प्रेक्षक त्या बंद छताखाली असे ओरडले की चित्रीकरणात समालोचकाचा आवाज बुडतो.

वहीत हे सगळं तीन आकड्यांचं आहे: ३-२-३.

धावफलकावर पुन्हा शून्य. आणि लगेच ट्विन्सची पाळी आली तर तेच नाटक उलट बाजूने. पहिल्या आणि तिसऱ्यावर माणूस, एक आऊट. ब्रेव्ह्जने स्मोल्ट्झला काढलं, माइक स्टँटनला आणलं, कर्बी पकेटला मुद्दाम वॉक देऊन बेस भरले. हर्बेकने चेंडू हवेत सरळ दुसऱ्या बेसच्या लेम्कीच्या हातात मारला. लेम्कीने झेल घेतला आणि तसाच दुसऱ्या बेसवर पाय ठेवला. पुढे सरकलेला धावपटू परत पोचायच्या आत तोही आऊट. एकाच इनिंगमध्ये दोन्ही संघांचे बेस भरलेले, दोन्हीकडे एकच आऊट, आणि दोन्हीकडे एका फटक्यात दोन बळी. कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

पायरी ७: पिचर कधी काढतात

चांगला पिचर थकायला लागला की चेंडू वर राहायला लागतात आणि कॅचरचा ग्लव्ह जास्त हलायला लागतो. हल्ली शंभरेक चेंडूंच्या आसपास बहुतेकांना विश्रांती देतात. मॉरिस त्या मालिकेतला तिसरा सामना टाकत होता, तोही मध्ये फक्त तीन दिवस विश्रांती घेऊन. नऊ इनिंग्ज झाल्यावर केली त्याला काढायच्या विचारात होते. मॉरिस तयार झाला नाही, केलींनी ऐकलं. तो दहाव्या इनिंगला पुन्हा आला आणि तिघांना ओळीने परत पाठवलं. एकूण १२६ चेंडू, ७ हिट, ८ के, धाव एकही नाही. एवढं वाचून तुम्ही म्हणाल, आजही असंच करावं. मी म्हणणार नाही. बाहीत अजून दम आहे असं सांगणारे सगळेच मॉरिस नसतात.

पायरी ८: क्षेत्ररक्षक पुढे आले की श्वास रोखा

दहावी इनिंग, ट्विन्सची बॅटिंग, ब्रेव्ह्जचा पिचर आलेहांद्रो पेन्या. डॅन ग्लॅडनची बॅट तुटली आणि चेंडू डावीकडे मध्ये कुठेतरी लुळा पडला. मेट्रोडोमचं गवत नकली आणि कडक, चेंडू रबरासारखा उसळला. ग्लॅडनने ते हेरलं आणि पहिल्या बेसवर न थांबता दुसरा गाठला. एका फुटक्या फटक्यावर दोन बेस. नॉब्लॉकने बंट करून त्याला तिसऱ्यावर नेलं. एक आऊट.

आता पुढचं तुम्हीच सांगा. बरोबर: पकेटला वॉक, हर्बेकला वॉक, बेस भरलेले.

आणि आता ब्रेव्ह्जचे बाहेरचे तिघं क्षेत्ररक्षक बघा. ते आत आलेत, बरेच आत. का? कारण मागे उभं राहून लांबचा झेल घेतला तरी त्या झेलावर ग्लॅडन घरी येणार आणि सामना संपणार. मग मागचं मैदान राखून करायचं काय? पुढे येऊन जवळचा चेंडू झेलायचा किंवा उचलून होमला फेकायचा, एवढीच आशा उरली. क्षेत्ररक्षक असे पुढे आलेले दिसले की समजा, तो संघ कड्याच्या टोकावर उभा आहे.

बदली बॅटर म्हणून आला जीन लार्किन, गुडघा दुखावलेला, पण या वेळी पळायचंच नव्हतं. पेन्याचा पहिलाच चेंडू त्याने डावीकडे उचलून मारला. फार मोठा फटका नव्हे. डावीकडचा ब्रायन हंटर नेहमीच्या जागी असता तर दोन पावलं टाकून झेलला असता, आणि तरीही काही फरक पडला नसता. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला. ग्लॅडन टाळ्या पिटत आला, दोन्ही पायांनी होम प्लेटवर उडी मारली. त्याला मिठी मारायला पहिला धावला तो मॉरिस.

पायरी ९: प्रत्यक्ष मैदानावर

नियम तेव्हापासून थोडे बदललेत, जुना सामना बघून नव्याला जाताना गोंधळू नका. मुद्दाम वॉक द्यायला १९९१ मध्ये चार चेंडू खरोखर बाहेर टाकावे लागायचे. २०१७ पासून नुसती खूण केली की बॅटर चालायला लागतो. २०२३ पासून पिचरवर घड्याळ आलं, त्यामुळे सामने आटोपशीर झालेत आणि समोसा आणायला जाऊन यायला पूर्वीइतका वेळ मिळत नाही. साखळी सामन्यांत दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर एक माणूस आयता ठेवतात, म्हणजे घंटा वाजवूनच सुरुवात. अंतिम फेऱ्यांत मात्र हा प्रकार नाही. मला तो आयता माणूस अजिबात आवडत नाही, पण पहाटे कामावर जाणाऱ्यांचं मत वेगळं असू शकतं.

जागा शक्यतो होम प्लेटच्या मागे, वरच्या मजल्यावर घ्या. तिथून क्षेत्ररक्षक पुढेमागे सरकताना दिसतात आणि तिकीटही स्वस्त पडतं. खारे दाणे मिळतात. टरफलं पायाशीच टाकायची असतात, संकोच नको. सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळे उभे राहून हातपाय ताणतात आणि गातात, तेव्हा सामना संपला समजून निघू नका. एकाने तसं केलंय, नाव सांगत नाही.

भारतातून बघणार असाल तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी सातचा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो. चहा होईपर्यंत तिसरी इनिंग.

पायरी १०: गृहपाठ

९ सप्टेंबर १९६५, लॉस एंजेलिस. डॉजर्स विरुद्ध शिकागो कब्ज. डॉजर्सच्या सँडी कोफॅक्सने २७ च्या २७ बॅटर ओळीने आऊट केले, त्यातले १४ स्ट्राइकवर. एकालाही पहिला बेस दिसला नाही. कब्जचा बॉब हेंडली काही कमी नव्हता, त्याने उभ्या सामन्यात फक्त एक हिट दिली, आणि ती एकुलती हिटही धाव होऊन गेल्यानंतरची. सामना १-०.

हिट नाही, तर मग धाव आली कुठून? पाचव्या इनिंगमध्ये डॉजर्सच्या लू जॉन्सनची. चुकीला 'ई' लिहितात आणि पुढे चूक करणाऱ्याचा क्रमांक. पिचर चेंडू टाकत असताना पुढचा बेस पळून गाठला तर त्याला चोरी म्हणतात. बाकी सगळं तुम्हाला आता येतं. वहीत ती धाव अशी आहे, वाचून बघा: वॉक, बंट, तिसऱ्या बेसची चोरी, ई-२.